शब्द सरकारचा की देशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परराष्ट्र धोरणाविषयी एक विधान इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. पक्षापक्षांतले वाद देशाच्या सीमेच्या आत राहावेत, बाहेर देशाने एकाच आवाजात बोलावे आणि सरकारने परक्या देशाला शब्द दिला की विरोधकांनी तो निमूटपणे उचलून धरावा, असे ते विधान. त्यामागची कळकळ मला पूर्णपणे मान्य आहे, कारण आतून दुभंगलेल्या देशाचा शब्द बाहेर टिकत नाही हे गेल्या शंभर वर्षांत पुन्हापुन्हा दिसले आहे. परंतु त्यावरचा उपाय म्हणून विरोधकांकडे मौन मागितले जाते, तेव्हा दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा प्रकार होतो. जो करार विरोधकांनी केवळ गप्प बसून होऊ दिला, तो ते सत्तेवर आल्यावर आपला मानतीलच असे नाही; आणि त्या कराराच्या भरवशावर ज्यांनी आपली जमीन, आपली शस्त्रे किंवा आपला आग्रह सोडला, त्यांचे नुकसान तर भरून निघणारे नसते. या विसंबून राहिलेल्या लोकांचा विचार आपल्या चर्चेत फार कमी होतो, म्हणून हे पत्र.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिका राष्ट्रसंघात गेली नाही, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतूनही सांगितली जाते. त्याच वेळी फ्रान्सला दिलेल्या हमीचे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. जर्मनीने पुन्हा चाल करू नये यासाठी ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावरचा प्रदेश जर्मनीपासून तोडावा, असा फ्रेंचांचा आग्रह होता. अध्यक्ष विल्सन आणि ब्रिटिश पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांना तो मान्य नव्हता. शेवटी असे ठरले की फ्रान्सने तो आग्रह सोडावा आणि त्याच्या मोबदल्यात जर्मनीने विनाकारण हल्ला केल्यास अमेरिका व ब्रिटन फ्रान्सच्या मदतीला येतील, असे लेखी द्यावे. २८ जून १९१९ रोजी, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी, हे हमीचे करारही झाले. ब्रिटनने आपली हमी अमेरिकेच्या हमीला जोडून ठेवली होती. अमेरिकेने मान्यता दिली तरच ती लागू होणार होती. अमेरिकेच्या सिनेटने फ्रान्सच्या या करारावर कधी मतदानच केले नाही. त्यामुळे अमेरिकेची हमी गेली आणि तिच्यापाठोपाठ ब्रिटनचीही गेली. फ्रान्सच्या हातातून ऱ्हाईनची मागणीही गेली होती आणि तिच्या बदल्यात मिळालेला कागदही निरुपयोगी ठरला होता. पुढे १९२३ मध्ये फ्रान्सने बेल्जियमला सोबत घेऊन जर्मनीच्या रूर प्रदेशात सैन्य घातले, त्याला युद्धभरपाईच्या थकबाकीसह अनेक कारणे होती. पण आपल्याला एकटे टाकले गेले आहे ही फ्रेंचांची भावना त्यांपैकी लहान कारण नव्हती, असे मला वाटते.

याचा दोष बहुतेक वेळा सिनेटर हेन्री कॅबट लॉज आणि त्यांच्या रिपब्लिकन सहकाऱ्यांवर टाकला जातो. लॉज यांच्या विरोधात पक्षीय ईर्ष्या होती, हे नाकारता येणार नाही. तरीही मला विल्सन यांचा वाटा अधिक मोठा वाटतो. तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात, हे त्यांना माहीत होते. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे गेली होती, हेही त्यांना माहीत होते. असे असूनही पॅरिसला जाताना त्यांनी एकाही विद्यमान सिनेटरला शिष्टमंडळात घेतले नाही. लॉज यांनी व्हर्सायच्या या तहासाठी ज्या अटी सुचवल्या त्यांतली मुख्य अट अशी होती की, दुसऱ्या देशाच्या रक्षणासाठी अमेरिकेचे सैन्य पाठवायचे की नाही, हे ठरवण्याचा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, अधिकार अबाधित राहावा. हा प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर देता आले असते. विल्सन यांनी अटींसह तह स्वीकारायला ठाम नकार दिला आणि आपल्या डेमोक्रॅटिक सदस्यांनाही तसेच सांगितले. १९ मार्च १९२० रोजी शेवटच्या मतदानात तहाच्या बाजूने ४९ आणि विरोधात ३५ मते पडली. सात मते कमी पडली, आणि विरोधातल्या ३५ मतांमध्ये अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचीही बरीच मते होती. आपल्या पदरात किती मते आहेत हे न मोजता शब्द देणारा नेता जगापुढे आदर्शवादी ठरतो, पण त्या शब्दाची किंमत दुसरेच कोणी मोजतात.

मग एकमत असले की झाले, असे कोणी म्हणेल. तर ऑगस्ट १९६४ चा टोंकिन आखाताचा ठराव पाहावा. आग्नेय आशियात आवश्यक ती लष्करी कारवाई करण्याची मोकळीक अध्यक्ष जॉन्सन यांना देणारा हा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. याहून अधिक एकवाक्यता लोकशाहीत कुठे पाहायला मिळणार? परंतु ही एकवाक्यता काही दिवसांत, अपुऱ्या माहितीवर आणि जवळजवळ चर्चेविना झाली होती. व्हिएतनामच्या या युद्धात किती माणसे आणि किती वर्षे जातील, हा प्रश्न त्या वेळी सभागृहात नीट विचारला गेला नाही; तो नंतर रस्त्यांवर, विद्यापीठांत आणि मृत सैनिकांच्या घरांत विचारला गेला, आणि जानेवारी १९७१ मध्ये तोच ठराव रद्द करण्यात आला.

त्यानंतर जे झाले ते अधिक क्लेशदायक आहे. पॅरिसचा शांतता करार दक्षिण व्हिएतनामने मान्य करावा म्हणून अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्राध्यक्ष थ्यू यांना नोव्हेंबर १९७२ आणि जानेवारी १९७३ मध्ये खासगी पत्रे लिहिली आणि उत्तरेने करार मोडला तर अमेरिका पूर्ण ताकदीने प्रत्युत्तर देईल, असे आश्वासन दिले. हे आश्वासन अमेरिकेच्या काँग्रेसपुढे कधी ठेवलेच गेले नव्हते. त्याच वर्षी काँग्रेसने १५ ऑगस्ट १९७३ नंतर हिंदी-चीनमधील, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया यांतील, लष्करी कारवायांसाठी पैसा वापरण्यास मनाई केली, आणि नोव्हेंबरमध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून अध्यक्षांच्या युद्धविषयक अधिकारांवर मर्यादा घालणारा कायदा केला. एप्रिल १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी ७२ कोटी २० लाख डॉलरची तातडीची लष्करी मदत मागितली. ती मिळाली नाही, आणि ३० एप्रिलला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली. काँग्रेसने युद्ध थांबवण्याचा जो निर्णय घेतला तो तिच्या अधिकारातला होता आणि माझ्या मते योग्यही होता. पण ज्या माणसांनी त्या पत्रांतल्या शब्दांवर आपले भवितव्य सोपवले, त्यांच्याशी वंचना झाली हे खरेच आहे. आणि ती वंचना, जो शब्द देण्याचा आपल्याला अधिकारच उरलेला नाही तो गुपचूप देणाऱ्याने केली.

याउलट, मतभेद उघडपणे पार करून गेलेला शब्द किती टिकतो, याचे उदाहरण त्याच देशात त्याआधी घडले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रुमन डेमोक्रॅटिक होते आणि १९४७-४८ मध्ये काँग्रेस रिपब्लिकनांच्या हाती होती. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष आर्थर व्हँडेनबर्ग हे युद्धापूर्वी अमेरिकेने बाहेरच्या भानगडीत पडू नये, या मताचे होते. ट्रुमन यांच्या परराष्ट्र खात्याने त्यांना करार झाल्यानंतर कळवण्याऐवजी मसुद्याच्या आधीच विश्वासात घेतले. जून १९४८ मध्ये सिनेटने व्हँडेनबर्ग यांच्या ठरावातून अशा संरक्षण कराराला तत्त्वतः पाठिंबा दिला आणि त्यानंतर उत्तर अटलांटिक कराराचा (‘नाटो’चा) मसुदा आकाराला आला. जुलै १९४९ मध्ये सिनेटने ८२ विरुद्ध १३ मतांनी तो मंजूर केला. या कराराचे पाचवे कलम सर्वांना ठाऊक असते: एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. पण त्याच कलमात प्रत्येक देशाने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी असे म्हटले आहे, आणि अकराव्या कलमात कराराची अंमलबजावणी प्रत्येक देशाच्या घटनात्मक प्रक्रियेनुसार होईल असे नमूद आहे. लॉज यांनी १९१९ मध्ये जे मागितले होते, त्याचाच हा पुढच्या पिढीने स्वीकारलेला अवतार म्हणता येईल. वचन थोडे सैल झाले, युरोपातल्या काही मित्रांना ते अपुरेही वाटले, पण ते पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकले. आज त्याच कराराविषयी अमेरिकेत वाद असताना, सिनेटच्या दोन तृतीयांश संमतीशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय अध्यक्षाने त्यातून बाहेर पडू नये, अशी तरतूद डिसेंबर २०२३ मध्ये कायद्यात घालण्यात आली, यावरून त्या वचनाची मुळे विधिमंडळात किती खोल गेली होती ते दिसते. ही तरतूद प्रत्यक्ष कसोटीच्या वेळी कितपत पुरी पडेल, याबद्दल मला शंका आहे. कारण मित्रदेशांचा भरवसा कायद्याइतकाच नेत्याच्या बोलण्यावरही अवलंबून असतो.

दुफळीचा परिणाम होण्यासाठी बहुमत विरोधात जावे लागते, असाही एक समज आहे. युक्रेनच्या मदतीने तो खोटा ठरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी युक्रेन, इस्रायल आणि इतर बाबींसाठी सुमारे १०६ अब्ज डॉलर मागितले. त्याच महिन्याच्या प्रारंभी प्रतिनिधिगृहाच्या सभापतींना त्यांच्याच पक्षाच्या मूठभर सदस्यांच्या पुढाकाराने पदावरून काढण्यात आले होते. अमेरिकेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. युक्रेनच्या मदतीची सांगड मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्थलांतराच्या वादाशी घातली गेली, आणि प्रतिनिधिगृहात विधेयक सहा महिने मतदानाला आलेच नाही. एप्रिल २०२४ मध्ये ते आले तेव्हा प्रतिनिधिगृहात ३११ विरुद्ध ११२ मतांनी युक्रेनची सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत मंजूर झाली. इतके मोठे बहुमत एका रात्रीत तयार झाले नव्हते. ते आधीपासून होते, फक्त त्याला मतदानापर्यंत पोहोचू दिले जात नव्हते. दरम्यान युक्रेनचे सैनिक तोफगोळे मोजून वापरत होते आणि फेब्रुवारीत अवदिव्का हे शहर त्यांना सोडावे लागले. त्या माघारीला इतरही लष्करी कारणे होती, तरी दारूगोळ्याची टंचाई हे त्यांतले एक ठळक कारण होते. विभागलेल्या सभागृहात कोणता विषय केव्हा पटलावर येईल हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती परक्या देशातल्या आघाडीवरचा दारूगोळाही असतो.

विधिमंडळाचा हा अडथळा चुकवण्यासाठी अनेक सरकारे अलीकडे तहाचा मार्ग टाळून केवळ कार्यकारी अधिकारात करार करतात. इराणच्या अणुकार्यक्रमाविषयीचा जुलै २०१५ चा करार असाच होता. वाटाघाटी चालू असतानाच ४७ रिपब्लिकन सिनेटरांनी इराणच्या नेत्यांना उघड पत्र लिहून, पुढचा अध्यक्ष हा करार एका सहीने मोडू शकेल, असे बजावले होते. वाटाघाटी चालू असताना असे पत्र लिहिणे मला अनुचित वाटते, पण त्यातले भाकीत खरे ठरले: ८ मे २०१८ रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या अहवालांनुसार तोवर इराण अटी पाळत होता. पुढच्या वर्षापासून त्यानेही मर्यादा ओलांडायला सुरुवात केली. पॅरिस हवामान कराराची कथा याहून विचित्र आहे. अमेरिका त्यात २०१६ मध्ये आली, नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. वीजप्रकल्प उभारायला आणि वसूल व्हायला दशके लागतात. धोरण मात्र चार वर्षांनी उलटते. अशा शब्दावर दुसऱ्या देशाने आपला कारखाना, आपली शेती आणि आपला अर्थसंकल्प कसा बेतावा?

घरातला विरोध ही वाटाघाटीतली शक्तीही असते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. माझी संसद हे मान्य करणार नाही, असे सांगू शकणारा वाटाघाटी करणारा समोरच्याकडून जास्त सवलती मिळवतो; ज्याच्या मागे कोणीच प्रश्न विचारणारे नाही, त्याला ते सांगता येत नाही. पण या शक्तीला एक मर्यादा आहे. अखेर जे ठरेल ते तरी घरी मंजूर होईल, असा समोरच्याला विश्वास असावा लागतो. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी नोव्हेंबर २०१८ मध्ये केलेला माघारीचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी कॉमन्स सभागृहाने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला, आणि त्यानंतर आणखी दोनदा फेटाळला. विरोध करणाऱ्यांत त्यांच्या पक्षाचे शंभराहून अधिक खासदार होते. पहिल्या पराभवानंतर युरोपीय नेत्यांपुढे प्रश्न असा उभा राहिला की, या बाईंना आणखी काही दिले तरी त्या ते मंजूर करून घेऊ शकतील का; आणि ज्याच्याविषयी हा प्रश्न पडतो त्याला सवलत द्यायला कोणी तयार होत नाही.

भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवरील छिटमहालांचा प्रश्न हे मला या सर्वांत जवळून अभ्यासण्याजोगे उदाहरण वाटते. एका देशाच्या जमिनीने चहूबाजूंनी वेढलेले दुसऱ्या देशाचे असे हे तुकडे होते: बांगलादेशात भारताचे १११ आणि भारतात बांगलादेशाचे ५१. इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी १६ मे १९७४ रोजी करार केला आणि बांगलादेशाने त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. भारताला मात्र भूभाग देण्याघेण्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागणार होती, आणि ती होता होता ४१ वर्षे गेली. या काळात तिथल्या पन्नास हजारांहून अधिक माणसांना ज्या देशाचे ते नागरिक होते त्या देशापर्यंत पोहोचता येत नव्हते, आणि ज्या देशाने ते वेढलेले होते तो त्यांना आपले मानत नव्हता. शाळा, दवाखाना, मतदान, पोलीस, वीज, यांतले काहीही त्यांना हक्काने मिळत नव्हते. २०१३ मध्ये घटनादुरुस्ती विधेयक संसदेत आले तेव्हा भारतीय जनता पक्ष, तृणमूल काँग्रेस आणि आसाम गण परिषद यांनी विरोध केला. २०१५ मध्ये भाजपचेच सरकार ते पुढे घेऊन आले, आसाम आणि पश्चिम बंगालमधल्या हरकतींवर बोलणी झाली, आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांत ते एकाही विरोधी मताविना मंजूर झाले. ३१ जुलैच्या मध्यरात्री छिटमहालांची अदलाबदल झाली. तिस्तेच्या पाणीवाटपाचा करार मात्र सप्टेंबर २०११ मध्ये ढाक्यात होता होता राहिला, कारण पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांना तो मान्य नव्हता आणि त्यांनी पंतप्रधानांसोबत जाण्यास ऐनवेळी नकार दिला. तो प्रश्न पुढेही सुटला नाही. ज्या राज्यातून नदी वाहते त्या राज्याला शेवटच्या आठवड्यात विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच असते. बेल्जियममधील वालोनिया या सुमारे ३६ लाख वस्तीच्या प्रांताने ऑक्टोबर २०१६ मध्ये संपूर्ण युरोपीय संघाचा कॅनडाशी होणारा व्यापार करार काही दिवस रोखून धरला होता, तोही याच प्रकारातला प्रसंग.

मतभेद इतके टोकाचे असताना काही करता येते का? १९७२ चा पश्चिम जर्मनी पाहिला की येते असे वाटते. चॅन्सलर विली ब्रांट यांनी मॉस्को आणि वॉर्सा इथे केलेल्या करारांना विरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचा कडवा विरोध होता, कारण त्या करारांतून पूर्वेकडचा गमावलेला प्रदेश प्रत्यक्षात सोडून दिल्यासारखे होत होते, आणि त्या प्रदेशातून हाकलले गेलेले लाखो लोक त्यांचे मतदार होते. एप्रिलमध्ये ब्रांट यांच्यावरचा अविश्वास ठराव अवघ्या दोन मतांनी फसला. त्यानंतर दोन्ही बाजूंनी बसून एक संयुक्त ठराव तयार केला, त्यात विरोधकांच्या शंकांना लेखी जागा दिली आणि तो मॉस्कोलाही कळवला. १७ मे रोजी करार मंजूर झाले तेव्हा बहुतेक विरोधी सदस्य तटस्थ राहिले. हे तटस्थ राहणे पाठिंब्याहून कमी होते, पण नुसत्या मौनाहून कितीतरी जास्त होते, कारण ते वाद घालून, आपले म्हणणे नोंदवून पत्करलेले होते. दहा वर्षांनी हेल्मुट कोल यांच्या नेतृत्वाखाली तोच पक्ष सत्तेवर आला आणि त्याने ते करार मोडले नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे की, सरकारांनी थोडी वचने द्यावीत, ती विधिमंडळाच्या उजेडात द्यावीत, आणि ज्यांचा विरोध होणार हे दिसते त्यांना मसुद्याच्या आधी बोलवावे. यात वेळ जातो आणि काही संधी हुकतात, हे मी मान्य करतो. आक्रमण दाराशी आले असताना दीर्घ चर्चेची चैन परवडत नाही, हेही खरे. परंतु अशा वेळी तरी जे देणे शक्य आहे तेवढेच बोलावे. जितके सभागृह देईल असा भरवसा आहे त्याहून मोठा शब्द संकटातल्या माणसाला देणे हे मला क्रूरपणाचे वाटते.

यात वृत्तपत्रांचेही काम आहे, आणि त्यासाठीच आपल्याला ही विनंती. कोणत्याही देशाच्या नेत्यांनी एखादा करार जाहीर केला की हस्तांदोलनाचे छायाचित्र आणि संयुक्त निवेदनातली वाक्ये पहिल्या पानावर येतात. त्याच बातमीत आणखी चार ओळी असाव्यात: हा करार विधिमंडळापुढे जाणार आहे की नाही, त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या अर्थसंकल्पातून आणि कोणाच्या मतांनी येणार आहे, विरोधी पक्षाचे त्यावर नेमके म्हणणे काय आहे, आणि पुढची निवडणूक केव्हा आहे. विरोधकांच्या म्हणण्याला देशहिताआड येणारा आवाज असे शीर्षक देण्याऐवजी त्यांचा मुद्दा काय आहे ते छापावे. आपल्या दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानावर ही माहिती नियमाने देता आली, तर माझ्यासारख्या अनेक वाचकांना त्या बातमीचे वजन स्वतः करता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक